चाळिशी नाकावर, पंचविशी डोक्यात

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मराठीने जवळजवळ प्रत्येक वयाला एकेक टोमणा चिकटवून ठेवला आहे. विशीतल्यांना गद्धेपंचविशी, जवळचं दिसेनासं झालं की ‘चाळिशी लागली’, पुढे साठी बुद्धी नाठी, आणि त्याही पुढे कुणी हौसेनं काही नवं करायला घेतलं तर म्हातारचळ. चाळिशी हे तर चष्म्याचंच नाव होऊन बसलं. कौतुकाचा म्हणावा असा एक शब्द सापडतो, ‘उमेदीचं वय’. पण तोही माणूस बहुतेकदा त्या वयातून बाहेर पडल्यावरच वापरतो: ‘उमेदीची वर्षं गेली.’

‘आहे त्या वयात समाधानी राहा’ असं सांगणारे लेख आपल्या आणि इतरांच्या पुरवण्यांत नेहमी येतात. सल्ला चुकीचा नाही. पण कसं राहायचं ते त्यात नसतं, त्यामुळे वाचून मान डोलवली जाते आणि पान उलटलं जातं. वाढत्या वयाचं मानसशास्त्र, व्यायामोपचार आणि समुपदेशन या कामांत असलेल्या आम्हा काही जणांना वाटतं, की हा प्रश्न मनाच्या मोठेपणाचा कमी आणि मापांचा जास्त आहे. एका वयाचं माप दुसऱ्या वयाला लावलं की ते कमीच भरतं. मापं बदलता येतात, आणि ते बरंचसं कागद, घड्याळ आणि खुर्ची घेऊन करायचं काम आहे.

चष्म्यापासूनच सुरुवात करू. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू ताठर होत असतं. विशीत साधारण १० सेंटीमीटरवरचं अक्षर स्पष्ट दिसतं, मग ते अंतर वर्षागणिक वाढत जातं, आणि चाळिशीच्या पुढेमागे पुस्तक धरण्याच्या अंतरावर, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या आसपास, वाचताना डोळ्यांवर ताण यायला लागतो. म्हणजे चाळिशीत अचानक काही ‘लागत’ नाही. तीस वर्षं चालू असलेली गोष्ट तेव्हा पुस्तकापर्यंत येऊन पोचते, इतकंच. तरीही पुष्कळ जण दोन-तीन वर्षं हात लांब करत, दिव्याखाली सरकत, डोकं दुखवून घेत काढतात. चष्म्याचा नंबर साधारणपणे अधिक १पासून सुरू होतो, पंचावन्नच्या सुमारास अधिक २च्या आसपास जातो आणि साठीनंतर अधिक अडीचच्या जवळ स्थिरावतो. चष्मा लावल्यामुळे नंबर वाढतो ही समजूत निराधार आहे. न लावल्यानं तो थांबतही नाही.

इथे एक व्यवहाराची चूक फार होते. वाचनाच्या नंबरचा चष्मा लावून लोक संगणकावर काम करतात. पडदा असतो ६० ते ७० सेंटीमीटरवर, चष्मा बनवलेला असतो ४०साठी. मग मान पुढे काढून बसायचं आणि महिन्याभरानं ‘वयामुळे मान धरते’ म्हणायचं. पडद्याचं अंतर फूटपट्टीनं मोजून ते तपासणाऱ्याला सांगितलं तर त्या अंतराचा कमी नंबर मिळतो. सगळ्या अंतरांसाठी एकच काच घेतली असेल, तर तिच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात. जिना उतरताना नजर खाली न टाकता हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे वरच्या काचेतून पायरी दिसते. ही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि नेमक्या त्याच काळात लोक चष्मा खणात टाकतात. उजेडाचंही तेच. बुबुळातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर, त्यामुळे साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. खोलीतला दिवा पूर्वीचाच ठेवून ‘आता वाचनाची गोडी उरली नाही’ असं म्हणणाऱ्यानं आधी लिहिता हात सोडून दुसऱ्या बाजूला एक टेबलदिवा ठेवून पाहावा.

एवढा वेळ चष्म्यावर घालवला, कारण समाधान बिघडण्याची रीत सगळीकडे हीच आहे. बदल होतो हळू, आपण तो नाकारतो, नाकारण्याचा त्रास बदलाच्या खाती मांडतो, आणि मग वयाला नावं ठेवतो.

स्वतःला वयापेक्षा तरुण समजणं यात काही वावगं नाही. डेन्मार्कमधल्या सुमारे दीड हजार प्रौढांच्या पाहणीत (२००६) चाळिशीपुढच्या लोकांनी सांगितलेलं ‘आतलं’ वय खऱ्या वयापेक्षा सरासरी २० टक्क्यांनी कमी निघालं. पन्नाशीतला माणूस मनातून चाळीसचा असतो. उलट पंचविशीच्या आतली मुलं स्वतःला आहेत त्यापेक्षा मोठी समजतात. हे इतकं सर्रास आहे, की त्याला दोष म्हणण्यात अर्थ नाही. अडचण येते ती आतल्या वयाच्या हिशोबानं बाहेरचे निर्णय घेतल्यावर. पंधरा वर्षांच्या खंडानंतर धावायला उतरलेला माणूस जुन्या वेगानं धावतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायू हाडाला बांधणारे कंडरे त्यांच्या मागून, सावकाश सरावतात. म्हणून दम पुरतो आणि टाच धरते. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. निदान चार आठवडे याच्या पुढे जाऊ नये, कितीही हलकं वाटलं तरी. हलकं वाटतं तेव्हाच बहुतेक दुखापती होतात.

व्यायामशाळेतल्या तक्त्यांवर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा ‘२२० वजा वय’ अशी लिहिलेली असते. २००१मध्ये सुचवलेलं ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र उतारवयात अधिक जवळचं उत्तर देतं. चाळिशीत दोन्ही १८०च देतात, पण सत्तरीत पहिलं १५० सांगतं आणि दुसरं १५९. पहिल्या सूत्रावर विसंबणारा सत्तरीतला माणूस स्वतःला उगाच अधिक म्हातारा मानून चालतो. अर्थात दोन्ही सरासऱ्याच. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि ठोके कमी करणारी औषधं चालू असतील तर दोन्ही बाद. त्यापेक्षा सोपी खूण अशी: बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम. शब्दागणिक श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. जागतिक आरोग्य संघटना २०२०पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर मिनिटं तीच राहतात आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम निदान तीन दिवस वाढतात. कमी होत काहीच नाही, हे लक्षात घ्यावं.

ताकदीचं आजचं माप घरीच काढता येतं. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. भिंतीला नाही टेकवली तर ती मागे सरकते आणि माणूस जमिनीवर बसतो. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी असावं. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११ वेळा जमणं अपेक्षित असतं, ८० ते ८४ वयात १० आणि ९. त्याहून कमी भरलं तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. हिरमुसण्याचं कारण नाही, कारण हा आकडा हलतो. बैठक उशीनं उंच करून पाच-पाचचे दोन फेरे, एक दिवसाआड. बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली जायचं, कारण खरं काम तिथे होतं. धप्पकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया जातो. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, रोखला की रक्तदाब चढतो. दहा-दहा जमू लागले की उशी काढायची. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा जणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण ‘आता या वयात काय’ या वाक्याची हवा काढायला ते पुरेसे आहेत.

समाधानाबद्दल बोलताना एका बनावट समाधानापासून सावध करायलाच हवं. ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य शहाणपणाचं वाटतं आणि कितीतरी आजार त्याच्या आडोशाला वाढतात. नाव ओठांवर येऊन अडकणं आणि थोड्या वेळानं आठवणं, हे वयाचं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, किल्ली हातात घेऊन ती कशाची हे न कळणं, हे वयाचं नाही. जिना चढायला पूर्वीपेक्षा वेळ लागणं वयाचं असू शकतं, पण महिन्याभरात दम लागायला लागणं, पाय सुजणं, रात्री झोपल्यावर धाप लागून उठावं लागणं हे तपासून घ्यायचं. खोकताना-शिंकताना लघवी सुटणं कितीही जणींना होत असलं तरी ते निमूट सोसायची गोष्ट नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामानं पुष्कळदा आराम पडतो, मात्र त्याला तीनेक महिने नेटानं द्यावे लागतात आणि दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्या फार. पाळी बारा महिने बंद असली की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, साधारणपणे ४५ ते ५५ या वयात. त्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर ‘उरलंसुरलं असेल’ म्हणून सोडायचं नाही, लगेच दाखवायचं. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस न वाटणं हे कोणत्याही वयाचं लक्षण नाही. तो आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत.

थोडक्यात, जे वयाचं आहे त्याच्याशी जुळवून घ्यायचं आणि जे वयाचं नाही ते वयाच्या खाती मांडायचं नाही. ही विभागणी न करता आलेलं समाधान म्हणजे आळस.

जुळवून घेणं म्हणजे नेमकं काय, याची चांगली मांडणी पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९९०मध्ये केली. पॉल बाल्टेस त्यासाठी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरातही इतकं चांगलं कसं वाजवता, या प्रश्नाला रुबिनस्टाइन यांनी दिलेलं उत्तर तीन भागांचं होतं. आता कमी रचना वाजवतो. त्यांचा सराव जास्त करतो. आणि द्रुत भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम थोडा संथ घेतो, म्हणजे द्रुत भाग पूर्वीइतकाच द्रुत वाटतो. निवड, मेहनत आणि भरपाई. पैकी निवडीला लोक तयार होतात, मेहनतीलाही होतात, भरपाईला मात्र लाजतात. काठी, श्रवणयंत्र, यादी लिहिलेली चिठ्ठी, जिन्याचा कठडा यांना हात लावणं त्यांना हार मानल्यासारखं वाटतं. त्या संथ घेतलेल्या चार ओळींत रुबिनस्टाइन यांना तसं काही वाटत नसावं.

श्रवणयंत्राबाबत तर नेहमीचा घोळ ठरलेला आहे. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, फ, थ यांसारखी व्यंजनं तिथे असतात, तर स्वर खालच्या पट्टीत. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार असते आणि दोष समोरच्याच्या पुटपुटण्यावर जातो. यंत्र घेतल्यावर ते पहिल्यांदा लावलं जातं गर्दीच्या समारंभात. तिथे खुर्च्या, भांडी, पंखे सगळंच अंगावर येतं, कारण मेंदूची त्या आवाजांची सवय सुटलेली असते. यंत्र डबीत जातं ते कायमचं. त्याऐवजी पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना दोन-तीन तास, दुसऱ्या आठवड्यात घरातले सगळे एकत्र असताना, मग रस्ता, गर्दी सगळ्यात शेवटी. सवय व्हायला काही आठवडे लागतात. बोलणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. समोर येऊन, तोंड दिसेल असं, थोडं सावकाश बोलावं.

आता तरुणांकडे वळतो, कारण वयाबद्दलची नाराजी म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं असा एक गैरसमज आहे. विशी-पंचविशीतली नाराजी वेगळी असते: ‘मला उशीर होतोय.’ अमेरिकी अभ्यासक बर्निस न्यूगार्टन यांनी १९६०च्या दशकात याला सामाजिक घड्याळ म्हटलं. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल, घर यांच्या वेळा समाज मनात ठरवून ठेवतो आणि माणूस त्या घड्याळात स्वतःला पाहत राहतो. यावर उपाय म्हणून ‘कशाचीच घाई नसते’ असं सांगणं गोड आहे, पण खरं नाही. काही मुदती शरीरानं घातलेल्या असतात. स्त्रीची प्रजननक्षमता साधारण बत्तिशीपासून हळूहळू आणि सदतिशीनंतर वेगानं कमी होते. हाडांची घनता तिशीच्या आसपास कमाल होते, त्यानंतर आहे ती टिकवायची असते. म्हणून विशीतला उड्या-धावण्याचा व्यायाम ही हाडांतली ठेव आहे. बाकी बहुतेक मुदती कुणीतरी घातलेल्या असतात. कोणत्या कोणी घातल्या, हे एका बैठकीत कळतं. कागदावर तीन रकाने आखायचे: गोष्ट, तिची मुदत, मुदत कुणी घातली. तिसऱ्या रकान्यात ‘सगळे’ किंवा ‘लोक’ लिहायला बंदी, नाव लिहायचं. नाव सुचलंच नाही, तर ती ओळ खोडून वर्षभर बाजूला ठेवायची. ज्या ओळींत स्वतःचं नाव येतं त्या थोड्याच निघतात आणि कामाच्या त्याच.

२०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात एक मजेशीर गोष्ट दिसली. सगळ्या वयांचे लोक कबूल करत होते, की गेल्या दहा वर्षांत आपण पुष्कळ बदललो. पण पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असंही सगळेच म्हणत होते. आपण आता पूर्ण घडलो, असं अठराव्या वर्षीही वाटतं आणि साठाव्याही. त्यातून व्यवहाराला घेण्यासारखं इतकंच, की ज्या निर्णयातून परत फिरता येतं तो पटकन घ्यावा, ज्यातून फिरता येत नाही त्याला एक पावसाळा जाऊ द्यावा.

मधल्या वयाची अडचण वेगळ्याच जातीची आहे, वेळेची. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ काढा, ११२ उरतात. काम आणि प्रवासाचे ५५ गेले, उरले ५७. स्वयंपाक, आवराआवर, आंघोळ, खाणं रोजचे तीन तास धरून २१, उरले ३६. मुलांचं आणि थकलेल्या आईवडिलांचं मिळून २० तरी. राहिले १६. म्हणजे दिवसाला सव्वादोन तास, तेही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. ही बेरीज ज्यानं कधी केलेली नसते तो माणूस स्वतःला आळशी ठरवतो, कारण मनातलं माप असतं पंचविशीतल्या मोकळ्या संध्याकाळींचं. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण एकदा मांडून पाहावेत. मग तुकडे जोडून आठवड्यात एकदा दोन सलग तास काढावेत, जोडीदाराशी अदलाबदल करून. यात हमखास बिघडतं ते असं: पहिल्याच वेळी ते दोन तास तुंबलेल्या घरकामात जातात. म्हणून त्या वेळात काय करायचं हे आदल्या दिवशी लिहून ठेवावं, आणि शक्य असल्यास घराबाहेर करावं.

अनेक देशांतल्या पाहण्यांत समाधानाचा आलेख वयाप्रमाणे मध्ये खोलगट दिसतो. ब्लँचफ्लावर आणि ऑस्वाल्ड यांच्या २००८च्या निबंधात तळ चाळिशीच्या मध्यावर होता. सगळ्या संशोधकांना तो मान्य नाही. त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत गेलं तर तो नेहमी दिसतोच असं नाही. तेव्हा ‘पंचेचाळिशी आहे, म्हणजे उदास असणारच’ हा निष्कर्ष कुणी काढू नये.

दुसऱ्या वयाचा हेवा वाटतो तेव्हा तो अख्ख्या वयाचा क्वचितच असतो. इथेही कागद उपयोगी पडतो. हेवा वाटणाऱ्या वयाचं सगळं लिहायचं, हवं ते आणि नको तेही. पंचविशीचे गुडघे हवे असतात. पंचविशीतली नोकरीची धाकधूक, परीक्षेच्या निकालाआधीच्या रात्री, स्वतःबद्दलचं ते अज्ञान, हे नको असतं. शब्द मोघम नकोत. ‘स्वातंत्र्य’ लिहिलं तर पुढे काहीच करता येत नाही, ‘रात्री दहानंतर मित्रांशी तासभर गप्पा’ लिहिलं तर महिन्यातून एकदा ते जमवता येतं. अर्ध्या तासात बहुधा पाच-सहा हव्याशा गोष्टी निघतात. त्यांतल्या दोन-तीन आजही मिळण्यासारख्या असतात, एखाद-दुसऱ्याला पर्याय असतो, आणि एक खरोखर गेलेली असते. त्या एकीचं वाईट वाटू द्यावं. समाधान म्हणजे वाईट न वाटणं, अशी अट कुणी घातलेली नाही.

नोकरीतून निवृत्त झालेल्यांना पैशांच्या नियोजनाचे सल्ले भरपूर मिळतात, म्हणून त्यावर लिहीत नाही. त्यांनी एक दुसरी यादी पाहावी. १९३०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल या गिरणीबंद वसाहतीत बेकारीचा अभ्यास करणाऱ्या मारी याहोदा यांनी पुढे मांडलं, की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्याहून मोठ्या कामातला वाटा, समाजात ओळख, आणि हातापायांना नियमित चाळवणं. निवृत्तीनंतर लोक पहिली आणि पाचवी भरून काढतात. सकाळचं चालणं, बागकाम, प्रवास. दुसरी आणि तिसरी रिकामीच राहतात, आणि सहाएक महिन्यांनी ‘वेळ जात नाही’ ही तक्रार सुरू होते. वेळ तर भरलेलाच असतो, पण त्या दोन जागा मोकळ्या असतात. आठवड्यात निदान दोन ठिकाणं अशी हवीत, की आपण गेलो नाही तर कुणीतरी ‘का आला नाहीत’ म्हणून विचारेल. मात्र पहिल्या तीन महिन्यांत मोठी जबाबदारी अंगावर घेऊ नये. तेव्हा माणूस मिळेल त्याला हो म्हणतो.

याच वयात झोपेचं दुःखही फार. गाढ झोपेचा वाटा तिशीपासूनच घटत जातो आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. पासष्टीनंतर सात-आठ तास झोप पुरेशी मानतात. पुष्कळ जण मात्र नऊला आडवे होऊन सहाला उठायचं ठरवतात. नऊ तास अंथरुणात, त्यात झोप साडेसहा तास, मग अडीच तास छताकडे पाहणं आलंच. अंथरुणातला वेळ झोपेच्या वेळेहून अर्ध्या तासानं जास्त ठेवावा, पण सहा तासांच्या खाली आणू नये. उठण्याची वेळ रोज एकच. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावं. पहाटेची जाग पुढे ढकलायची असेल तर सकाळचं कोवळं ऊन टाळून संध्याकाळचं घ्यावं, बहुतेक जण नेमकं उलट करतात. दुपारची डुलकी तीनच्या आत, वीस-तीस मिनिटांची. पहिला आठवडा दिवसा पेंग येते आणि तिथेच लोक माघार घेतात. दोन-तीन आठवड्यांत रात्र सलग व्हायला लागते.

शेवटी शब्दांकडे परत यायला हवं, कारण ते आपल्या हातात आहेत. आमच्याही आणि, संपादक महाशय, तुमच्याही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. पुढच्या तेवीस वर्षांची नोंद पाहून बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये लिहिलं, की ज्यांचं मत बरं होतं ते सरासरी साडेसात वर्षं अधिक जगले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा, सुरुवातीची तब्येत हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरला. नुसत्या मतानं आयुष्य वाढतं असं यावरून सिद्ध होत नाही. पण ज्याला आपलं वय म्हणजे उतारच वाटतो तो व्यायाम सुरू करत नाही, तपासणी पुढे ढकलतो, श्रवणयंत्र डबीत ठेवतो, हे वर लिहिलंच आहे.

म्हणून दोन विनंत्या. बातम्यांत आणि मथळ्यांत ‘वयाच्या सत्तराव्या वर्षीही’ असं छापून येतं. त्यातला ‘ही’ काढून टाकावा. सत्तराव्या वर्षी पदवी घेतली, एवढंच छापलं तरी बातमी पुरी होते. त्या एका अक्षरातून वाचणाऱ्या प्रत्येक सत्तरीच्या माणसाला कळतं, की त्याच्याकडून अपेक्षा काही नव्हतीच. पंचविशीच्या मुलानं कंपनी काढली तर ‘अवघ्या’ लिहितात, तेही त्याच जातीचं.

दुसरी विनंती अगदी साधी. शब्दकोड्याचे संकेत बातम्यांच्या अक्षरांहून लहान टाइपात असतात, तेही करड्या पट्टीवर. ते काळ्या शाईत, पांढऱ्यावर आणि बातम्यांइतक्याच टाइपात छापता आले तर पाहावं. जागा कमी पडत असेल तर कोडं चार घरांनी लहान केलं तरी चालेल.

आपले,
वाढत्या वयाशी संबंधित क्षेत्रांत काम करणारे काही वाचक